सामाजिक धोरणात एम.ए. करायचंय. नाशिकमध्ये राहून तयारी कशी करू?

सुरगाण्याचीवाट

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, वेळ काढून वाचा ही विनंती.

वय ३३, घर सातपूरला. बी.ए. झाल्यावर एका संस्थेत लागले, ती आठ वर्षं सुरगाणा तालुक्यातच गेली. दिंडोरी-वणीमार्गे एसटीने जायचं, चार दिवस तिकडे राहायचं, शुक्रवारी परत. काम म्हणजे रेशनचे अर्ज, वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं, निराधारांचे पगार. माणसाला टेबलापर्यंत घेऊन जायचं आणि त्याचा कागद पुढे सरकेपर्यंत तिथून हलायचं नाही.

एका घराचं सांगते. आजी, तिचा मुलगा, सून, तीन नातवंडं. खाणारी तोंडं सहा. कार्डावर युनिट दोन, आजी आणि मुलगा. म्हणजे महिन्याला दहा किलो धान्य. सुनेचं आणि मुलांचं नाव चढवायला मी तीन वर्षं खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर, "इष्टांक शिल्लक नाही." गेल्या दिवाळीनंतर ते घर द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेलं, आजी एकटी मागे राहिली.

इष्टांक, म्हणजे रेशनवर किती माणसं घ्यायची त्याचा ठरलेला आकडा, हा शब्द मी हजार वेळा ऐकला असेल. हा आकडा ठरवतं कोण, कशावरून, बदलतो कधी, हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नाही, आणि शोधायचं कुठे हेही कळलं नाही. एक एक अर्ज निकाली काढून मला आता पुरेसं वाटत नाही. नियम जिथे तयार होतो तिथे काय चालतं, हे शिकायचंय. कोणीतरी म्हणालं, याला सोशल पॉलिसी म्हणतात, त्यात मास्टर्स करता येतं.

माझे प्रश्न: हा विषय नेमका काय आहे? एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली मास्टर्स) पेक्षा वेगळा का? भारतात करू की बाहेर? गणित दहावीनंतर सुटलंय, इंग्रजी वाचते पण सावकाश. जमेल का?

गंगापूररोडकर

धागा छान. एम.एस.डब्ल्यू. इथेच करता येईल की. मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक) समाजकार्य महाविद्यालय नाशिकमध्येच आहे, घर सोडायला नको. नोकरी सांभाळून करायचं तर इग्नूचं एम.एस.डब्ल्यू. किंवा ग्रामीण विकासाचं एम.ए. आहे. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, तिथेही चौकशी करा. डिग्री ती डिग्री.

तुळजापूरवाली

गंगापूररोडकर, डिग्री ती डिग्री हे पटलं नाही. माझं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या तुळजापूर कॅम्पसला शिक्षण झालंय, आता पुण्यात काम करते. फरक सांगायचा प्रयत्न करते.

समाजकार्याचं शिक्षण माणसापासून सुरू होतं. ही व्यक्ती, हे कुटुंब, ही वस्ती, यांच्यासोबत काम कसं करायचं. क्षेत्रकार्य हा त्याचा गाभा. सामाजिक धोरण योजनेपासून सुरू होतं. ही मदत कोणाला द्यायची, पैसा कुठून आणायचा, पात्र कोण हे कोणी ठरवायचं, आणि जे सुटले ते का सुटले. ताई, तुमचा आजीचा प्रश्न हा दुसऱ्या प्रकारचा आहे. तुम्ही पहिलं काम आठ वर्षं केलंय, तेच पुन्हा दोन वर्षं वर्गात बसून शिकण्यात मला अर्थ दिसत नाही.

या विषयाचा इतिहास आपल्यापासून फार लांब नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९१२ साली समाजविज्ञानाचा विभाग उभा राहिला, त्यामागे गरिबीची कारणं अभ्यासण्यासाठी सर रतन टाटांनी दिलेला पैसा होता. त्यांचे थोरले भाऊ सर दोराबजी, त्यांच्या नावाच्या ट्रस्टमधून १९३६ मध्ये मुंबईत जी समाजकार्याची शाळा निघाली तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. लंडन स्कूलमध्ये तर बाबासाहेबच शिकले, १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. हा विषय इंग्रजांचा, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

प्रवेशाचं: टाटा इन्स्टिट्यूटला आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी अशा कॅम्पसना अभ्यासक्रम वेगवेगळे, म्हणून नाव बघून फॉर्म भरू नका, विषयांची यादी उघडून वाचा. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठही बघा. "सोशल पॉलिसी" ही पाटी भारतात क्वचित दिसते. विकास अभ्यास, सार्वजनिक धोरण, विकास धोरण अशा नावांखाली तोच मजकूर असतो.

पुरवठाशाखा_निवृत्त

मी ३१ वर्षं महसूल खात्यात होतो, त्यातली नऊ तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत. "इष्टांक नाही" हे वाक्य मीही लोकांना ऐकवलेलं आहे. बहुतेकांना त्याचा अर्थ मी समजावला नाही, कारण समोर रांग असायची. आज इथे लिहितो.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. देशात ग्रामीण भागातले ७५ टक्के आणि शहरी भागातले ५० टक्क्यांपर्यंत लोक त्यात घ्यायचे ठरले. राज्यांचे टक्के वेगवेगळे. ते नियोजन आयोगाने २०११-१२ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणावरून काढले. महाराष्ट्राला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले. हे टक्के कोणत्या लोकसंख्येवर लावले? २०११ च्या जनगणनेवर. वही घे आणि मांड. ग्रामीण लोकसंख्या साधारण ६ कोटी १६ लाख, तिचे ७६.३२ टक्के म्हणजे ४ कोटी ७० लाख. शहरी ५ कोटी ८ लाख, तिचे ४५.३४ टक्के म्हणजे २ कोटी ३० लाख. बेरीज ७ कोटी. हाच राज्याचा इष्टांक. तो जिल्ह्यांत वाटला जातो, जिल्ह्यातून तालुक्यात.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची आता २०२७ ला आहे. म्हणजे सुरगाण्यात २०११ नंतर जन्मलेल्या पोराला कायद्याने जागाच मोजलेली नाही. त्याला घ्यायचं तर कुणाचं तरी नाव कमी व्हायला हवं. मयत, लग्न होऊन गेलेली मुलगी, कायमचा स्थलांतरित. आम्ही तेच करायचो. मयतांची यादी ग्रामसेवकाकडून आली की तेवढी नावं चढायची. तुझ्या आजीच्या नातवंडांना धान्य मिळण्यासाठी गावात कोणीतरी मरावं लागत होतं. मला हे तेव्हा असं दिसलं नव्हतं. टेबलाच्या या बाजूने फक्त रकाने दिसतात.

शिवाय प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे या कायद्याखाली माणशी धान्य मिळणाऱ्या घराची, उत्पन्नाची मर्यादा. ग्रामीण ४४ हजार, शहरी ५९ हजार, वर्षाला. दोन माणसं वर्षभर मजुरीला गेली तर ४४ हजार सहज ओलांडतात. मग तलाठ्याकडून कमी उत्पन्नाचा दाखला आणायचा. प्रामाणिक माणूस खरं उत्पन्न सांगतो आणि बाहेर राहतो.

पोरी, तू हे शिकायला जा.

सुरगाण्याचीवाट

काका, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. वहीत बेरीज मांडली, बरोबर ७ कोटी आली. आठ वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटत होते ती गुणाकाराची निघाली. तालुक्याच्या साहेबांवर मी किती चिडले होते, त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

तुळजापूरवाली

काकांनी जे केलं ना, तेच पहिल्या सत्रात शिकवतात. वर्गात त्याला दोन नावं आहेत. गरजू असून बाहेर राहिला ती वगळण्याची चूक, गरज नसून आत आला ती समावेशाची चूक. उत्पन्नाची मर्यादा जितकी कडक कराल तितकी दुसरी चूक कमी होते आणि पहिली वाढते. सरकारला दुसऱ्या चुकीची जास्त भीती असते, कारण ती वर्तमानपत्रात येते, बंगल्यावाल्याचं पिवळं कार्ड म्हणून. सुरगाण्यातली सून वगळली गेली याची बातमी होत नाही. मग प्रश्न येतो की निवड करावीच का? सगळ्यांनाच द्यावं का? यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, आणि अभ्यासक्रमाचा मोठा भाग तो वाद समजून घेण्यात जातो.

महाराष्ट्राने यावर एक फार वेगळं उत्तर काढलं होतं. वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात गावातल्या लोकांना मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमी योजनेचा (रोहयो) कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर थेट २००५ ला. यात दाखला कोणी मागत नाही. तळपत्या उन्हात दगड फोडायला जो येईल तो गरजू, एवढंच. माणूस स्वतःच स्वतःला निवडतो. इष्टांकाची यादी आणि रोहयोचा फड, या दोन्हींत "गरजू कोण" हे ठरवणारा बदलतो. त्याचीही किंमत आहे, म्हातारी आणि अपंग माणसं दगड फोडू शकत नाहीत, ती सुटतात.

आणि पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. नोकरदारांच्या पगारातून कापायचा आणि रोहयोला द्यायचा, राज्याने तेवढीच भर घालायची. शहरातला पगारदार दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी भरतोय, आणि तेही भीक म्हणून नाही, कायद्याने.

पेठनाका

मी थोडं वेगळं बोलतो. पेठ तालुक्यात काम करतो, बारा वर्षं झाली. दर वर्षी आमच्यातला एक चांगला कार्यकर्ता "धोरण शिकायला" जातो आणि दिल्ली-मुंबईला अहवाल लिहीत बसतो. परत कोणी येत नाही. इष्टांक कसा ठरतो हे काकांनी फुकट पंधरा ओळींत सांगितलं. त्यासाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये कशाला? ताई गेल्या तर त्या पाड्यांवर अर्ज कोण भरणार? २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी पायी गेले, वनहक्काची मागणी घेऊन, १८० किलोमीटर. त्यात सुरगाण्याची माणसं किती होती ते ताईंना माहीत आहे. त्यांच्याकडे पदवी नव्हती, सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं.

सुरगाण्याचीवाट

दादा, तुमचं म्हणणं लागलं, कारण खरं आहे. मोर्चात मी विल्होळीपर्यंत चालले होते. पण आश्वासन मिळाल्यावर काय झालं तेही बघितलं. दावे पुन्हा तपासायला घेतले, आणि तपासणीत कोणता पुरावा धरायचा, कोणता नाही, यावर एकेक दावा अडला. तिथे आमच्या बाजूने नियम वाचणारा माणूस नव्हता. मी वाचायचे, मला अर्धं कळायचं.

परत येईन का? आज "हो" लिहीन, पण तुम्ही अशी "हो" बरीच ऐकली असतील. म्हणून शब्द देत नाही.

लीड्स_ते_इंदिरानगर

मी नाशिकची, इंग्लंडमधून याच विषयात मास्टर्स करून दोन वर्षांपूर्वी परत आले. बाहेरचं प्रत्यक्षात कसं असतं ते लिहिते.

तिथे एका वर्षाचं असतं. सप्टेंबरअखेर सुरू, दोन टर्म वर्ग, उन्हाळ्यात लघुप्रबंध, पुढच्या सप्टेंबरात सगळं जमा. वर्ग आठवड्याला मोजके, वाचन अफाट. सेमिनारला दहा-बारा जण गोल बसतात आणि शिक्षक विचारतात, तुमचं मत काय? पहिले दीड महिने मी गप्प होते. माझ्या पहिल्या निबंधाला जेमतेम पास होण्याइतके गुण आले. मी नाशिकच्या अंगणवाड्यांबद्दल मनापासून लिहिलं होतं, पाच पानं. शेरा असा होता की यात वर्णन आहे, युक्तिवाद नाही. तेव्हा रडले. नंतर कळलं की त्यांना माझा अनुभव नको नव्हता, तो कशाचा पुरावा आहे ते हवं होतं. हे सांगतेय कारण तुमच्याकडे आठ वर्षांचा अनुभव आहे आणि तुम्हीही तो पहिल्या निबंधात ओताल.

तिथे सुरुवात बहुतेक १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने होते. ऐन महायुद्धात त्या अहवालाने ब्रिटनला सांगितलं की पाच राक्षस मारायचे: अभाव, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती, बेकारी. त्यातून पुढे आरोग्य सेवा, विमा, भत्ते आले. पण त्यातला विमा पगारी नोकरी करणाऱ्या माणसाला धरून रचलाय. पगारातून हप्ता कापा, आजारपणात परत द्या. सुरगाण्याच्या मजुराला पगारपत्रकच नाही, तर त्याचा हप्ता कापणार कोण? मी हा प्रश्न सेमिनारमध्ये विचारला तो माझा पहिला बोललेला दिवस. ब्राझील आणि घानाची मुलं लगेच बोलायला लागली. तिथून माझं शिक्षण सुरू झालं असं मी मानते.

आकड्यांचं म्हणाल तर घाबरू नका, पण टाळूही नका. एक उदाहरण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या खुजेपणाचं (वयाच्या मानाने कमी उंची) प्रमाण २०१५-१६ ला ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ ला ३५.२. वाढलं का? सर्वेक्षण नमुन्यावर असतं, त्यामुळे ०.८ चा फरक खरा की नमुन्याचा, हे तपासल्याशिवाय "कुपोषण वाढलं" असं लिहिता येत नाही. "कमी झालं" असं तर मुळीच नाही. एवढं समजायला दहावीचं गणित आणि सहा महिन्यांची चिकाटी पुरते. टक्केवारी, सरासरी, मध्यक, नमुना, एक्सेल. आत्ताच सुरू करा, तिकडे जाऊन नको.

सिडको_आई

माफ करा, मी या विषयातली नाही. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी बाहेर शिकायला गेला, म्हणून पैशाचं बोलते. आम्ही राहतं घर तारण ठेवलं. हप्ते सुरू झालेत आणि त्याला मनासारखी नोकरी अजून नाही. ताई, तुमचं क्षेत्र पगाराचं नाही. घर तारण ठेवून जाऊ नका. शिष्यवृत्ती मिळाली तरच जा. आईवडिलांना रात्री झोप लागली पाहिजे.

लीड्स_ते_इंदिरानगर

सिडको आईंशी शंभर टक्के सहमत. मीही शिष्यवृत्तीवरच गेले.

ताई, तुमचं वय ३३ आहे, म्हणून हे तातडीचं. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला आणि राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला पदव्युत्तरसाठी ३५ ची वयोमर्यादा आहे. दोन्ही अनुसूचित जातींसाठी आहेत, केंद्राच्या योजनेत भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीरही येतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांची चौकशी गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात करा. केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळल्याची ओळ आली होती. त्यावर बराच विरोध झाला. तुमचा विषय नेमका तिथेच अडकू शकतो, म्हणून त्या वर्षीची नियमावली ओळ न् ओळ वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला जात किंवा उत्पन्नाची अट नाही. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तुमच्याकडे चौपट आहे. आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावंच लागतं. पेठनाका दादांच्या शंकेला निदान एवढं उत्तर.

पेठनाका

मायदेशी म्हणजे दिल्लीही आली. पण ठीक आहे. ताई, गेलात तर जाण्याआधी तुमच्या पाड्यांवरच्या दोन मुलींना अर्जाचं काम शिकवून जा. हे मी मागतोय, सल्ला नाही.

सुरगाण्याचीवाट

दहा दिवसांनी लिहितेय. खूप विचार केला, सगळ्यांशी मनात भांडले.

आधी सीयूईटी-पीजी देणार. टाटा इन्स्टिट्यूट आणि बंगळुरू, दोन्हींचे अर्ज. सोबत चेव्हनिंगचाही भरणार, मिळालं तर पुढचं बघू. घर तारण ठेवणार नाही. पेठनाका दादा, दोन मुली ठरल्या आहेत. एक बारावी झालीय, एक डी.एड. पुढच्या आठवड्यापासून त्या माझ्यासोबत तहसीलला येतील.

आणखी एक. तुळजापूरवाली ताईंनी व्यवसाय कराचं लिहिलं, ते वाचून वडिलांना विचारलं. ते सातपूरला एका कंपनीत २६ वर्षं होते. त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, पत्र्याच्या पेटीत, वर्षवार. आम्ही दोघं रात्री बसून बघत होतो. प्रत्येक चिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात "व्य. कर" आहे. त्यांना वाटायचं हा कंपनीचाच काहीतरी कर. मी सांगितलं, बाबा, हे रोहयोसाठी होतं. सुरगाण्यात जे जुने पाझर तलाव आहेत, रस्त्याचं माती-मुरूम काम झालंय, त्याच्या मजुरीत तुमचे पैसे आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एकदा मला तिकडे ने.

प्रवेशासाठी जो निबंध लिहायचाय तो या चिठ्ठ्यांपासून सुरू करू का, की आजीच्या इष्टांकापासून? लीड्स ताई, युक्तिवाद कुठे आहे यात?

लीड्स_ते_इंदिरानगर

दोन्ही घ्या. चिठ्ठी दाखवते की राज्याने एकेकाळी "मागेल त्याला" असं म्हणून त्यासाठी पैसा बाजूला काढला होता. इष्टांक दाखवतो की धान्याच्या बाबतीत "जागा असेल त्याला" असं म्हटलं. एकाच राज्यात, एकाच तालुक्यात हे दोन विचार शेजारी शेजारी कसे नांदतात, आणि कुठला कोणाला वगळतो, हा तुमचा प्रश्न. मसुदा पाठवा, लाल पेनने वाचते.

पुरवठाशाखा_निवृत्त

मी आठवड्यातून दोनदा सार्वजनिक वाचनालयात असतो, शनिवारी सकाळी नक्की. जुनी शासन निर्णयांची भाषा कशी वाचायची, "मान्यता देण्यात येत आहे" आणि "मान्यता देण्याची बाब विचाराधीन आहे" यात काय फरक, पत्राच्या डोक्यावरच्या क्रमांकावरून विभाग कसा ओळखायचा, हे पुस्तकात नाही, मी शिकवतो. त्या दोन मुलींनाही आण. ११ वाजता ये. आणि त्या आजीच्या कार्डाचा बारा अंकी नंबर घेऊन ये, मयतांची यादी अलीकडे कधी लागली ते विचारून ठेवतो.